गच्चीवरची कुंडी आणि घरातला रुग्ण: गांजाच्या रोपाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्करोगाच्या वेदनांनी घरातले माणूस रात्र-रात्र तळमळत असले की सगळे घर उपाय शोधू लागते. कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतो, कुणी सांगतो की परदेशात डॉक्टरच गांजा देतात. मग ‘गच्चीवर दोन कुंड्या लावल्या तर काय बिघडते?’ असा विचार पुढे येतो. माळव्यातल्या धार-देवासच्या जुन्या वाड्यांतून अजूनही भावाभावांची बिऱ्हाडे एकाच अंगणाभोवती नांदतात. गच्ची सामाईक, जिनाही सामाईक. अशा घरात एकाच्या कुंडीचा जाब इतरांनाही द्यावा लागू शकतो. म्हणून कायदा नेमका काय म्हणतो, ते रोप लावायच्या आधीच माहीत हवे.

गैरसमज: भांग उघड विकली जाते, मग रोप लावायला हरकत कसली?

वस्तुस्थिती: देवासहून उज्जैन हाकेच्या अंतरावर. तिथे महाकालाचा भांगेचा शृंगार होतो आणि परवानाधारक दुकानात भांगेचा घोटा मिळतो. त्यामुळे हा समज माळव्यात फार पक्का आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, झाडाचे शेंडे, म्हणजे फुलोरा आणि फळोरा, हा गांजा. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणून भांगेची विक्री राज्याच्या अबकारी परवान्यावर चालते. परंतु ही सवलत तोडलेल्या पानांपुरती आहे. उभ्या झाडाला ती लागू नाही. कलम ८ प्रमाणे परवान्याशिवाय गांजाच्या जातीचे कोणतेही रोप लावणे हाच गुन्हा. त्याला फुलोरा आला होता की नाही, हा प्रश्न तिथे गौण ठरतो.

गैरसमज: औषधासाठी लावले तर कायदा सूट देतो.

वस्तुस्थिती: कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांचा अपवाद आहे खरा. पण त्याच वाक्यात पुढची अटही आहे: कायद्याने आणि नियमांनी ठरवून दिलेल्या रीतीने, तेवढ्याच मर्यादेत. कारण वैद्यकीय हवे आणि परवानाही हवा. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे लागवडीचा परवाना नव्हे. गांजाच्या लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कलम १० ने राज्य सरकारला दिला आहे. मात्र रुग्णासाठी घरी झाड लावायचा परवाना मध्य प्रदेशात नाही, महाराष्ट्रातही नाही. उत्तराखंडात ज्या लागवडीला परवानगी मिळते, ती धागा आणि बियांसाठीच्या, जवळजवळ नशा नसलेल्या वाणाची. घरगुती औषधाशी तिचा संबंध नाही.

गैरसमज: एक किलोपर्यंत माफी असते.

वस्तुस्थिती: एक किलो ही गांजाची ‘अल्प मात्रा’ आहे, माफीची मात्रा नव्हे. तेवढा गांजा जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वीस किलोहून अधिक असेल तर ‘व्यापारी मात्रा’ धरतात आणि तिथे किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. लागवडीला तर वजनाची पायरीच नाही. कलम २० नुसार रोप एक असो वा शंभर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खटल्यातून सूट मिळवून देऊ शकते. पण तीही सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यापुरती, लागवडीच्या नाही.

गैरसमज: ज्याने लावले त्याच्यावरच गुन्हा, बाकीच्यांना काय त्याचे?

वस्तुस्थिती: एकत्र राहणाऱ्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते इथे. कलम २५ प्रमाणे घर, खोली, आवार किंवा जागा ज्याच्या मालकीची, वापरातली किंवा ताब्यातली आहे, त्याने जाणूनबुजून ती अशा कामाला वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्यालाही होऊ शकते. भाडेकरूच्या कुंड्या ठाऊक असून गप्प बसलेला घरमालकही यात येतो. बी आणून देणारा, पाणी घालणारा, ‘मी आहे ना’ म्हणणारा यांच्यासाठी कलम २९ आहे, ते गुन्ह्याला साथ देण्याचे आणि कटाचे. शेतात बेकायदा लागवड झालेली कळली, तर लगेच खबर देण्याचे कर्तव्य कलम ४६ ने जमीनधारकावर टाकले आहे आणि कलम ४७ ने पंच, सरपंच व गावकामगारांवर.

मात्र एका छपराखाली राहतो एवढ्यावर कुणी दोषी ठरत नाही. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. अडचण पुढेच आहे. कायद्यातली काही गृहीतके आरोपीच्या विरोधात जातात आणि ‘मला माहीत नव्हते’ हे त्यालाच पटवून द्यावे लागते. रोज कपडे वाळत घालायला ज्या गच्चीवर जातो, तिथल्या चार फूट वाढलेल्या झाडाबद्दल हे कसे पटवणार?

गैरसमज: अमेरिकेत रुग्णाचा काळजीवाहक झाडे लावतो, मग आपण का नाही?

वस्तुस्थिती: तिथेही मोकळीक नाही. मिशिगन राज्याच्या २००८च्या कायद्यात नोंदणीकृत काळजीवाहकाला जास्तीत जास्त पाच रुग्ण घेता येतात. दर रुग्णामागे बारा रोपे लावता येतात, तीही कुलूपबंद जागेत. ग्रँड रॅपिड्समध्ये अनेकांची मिळून ८८ रोपे एका जागी ठेवल्याचा खटला २०१२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एकत्रित लागवडीला कायद्यात संरक्षण नाही, असा निकाल लागला. शिवाय राज्याने मुभा दिली तरी नागरिकत्वाच्या अर्जात संघराज्याचा कायदा आड येतो, हे तिथल्या आपल्या मुलाबाळांनी ध्यानात ठेवावे.

गैरसमज: मग रुग्णाने नुसते सोसायचे.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. वाट आहे, आणि ती माळव्यातूनच निघते. नीमच, मंदसौर, रतलामच्या शेतकऱ्याला अफूचा पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना, केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडून त्याच्या नावाने, एका हंगामापुरता मिळतो. शेत मोजले जाते. डोडे चिरून काढलेला चीक रोजच्या रोज लंबरदारासमोर, म्हणजे गावातल्या नेमलेल्या शेतकऱ्यासमोर, तोलून वहीत नोंदवायचा आणि शेवटी सगळा सरकारला द्यायचा. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून औषधी द्रव्ये काढतात. मॉर्फीन ही वेदनाशामक गोळी अशाच अफूतून येते. मॉर्फीनसारखी औषधे मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदा बदलला. मान्यताप्राप्त रुग्णालयातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती मिळतात आणि चिठ्ठीपुरती जवळ ठेवता येतात. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. औषधांच्या नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून तिची औषधे परवानाधारक उत्पादकाचीच आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

घरातल्या आजाऱ्याचे दुःख कमी व्हावे ही इच्छा योग्यच आहे, तिची लाज वाटायचे कारण नाही. पण कुंडीतल्या पानाचे प्रमाण कुणाला मोजता येत नाही, चालू औषधांबरोबर ते कसे वागेल हे सांगता येत नाही आणि पोलीस आले तर रुग्णाची सेवा करणारेच हात अडकतात. म्हणून कुणी बी आणून दिले तर घेऊ नका. रुग्णाची फाइल घेऊन वेदनाशमन विभागात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘वेदना थांबत नाहीत, मॉर्फीन देता येईल का?’ हा प्रश्न विचारायचा रुग्णाला आणि त्याच्या माणसांना पूर्ण हक्क आहे.