मुक्काम फ्लॉरेन्सला, भटकंती टस्कनीभर

इटलीला सहकुटुंब जाताय? मग रोज बॅगा भरत हॉटेलं बदलू नका. फ्लॉरेन्सला तळ ठोका आणि आजूबाजूची गावं तिथूनच करा.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने १४३६ मध्ये पूर्ण केला, तोही खालून लाकडी सांगाड्याचा आधार न घेता. घुमट दुहेरी आहे आणि जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो. चढताना भिंतीकडे लक्ष द्या. आडव्या विटांच्या थरांत मध्येच उभ्या विटा दिसतील, तिरक्या रेषेत वर सरकणाऱ्या. बांधकाम चालू असताना विटा घसरू नयेत म्हणून ही युक्ती! पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खाली जेलातो खात बसावं. चढायची वेळ मात्र आधी बुक करावी लागते.

पिसाला मनोरा बघा, तो ठरलेला फोटो काढा आणि निघा. तिथून अर्ध्या तासावरचं लुक्का मला कितीतरी जास्त आवडलं. गावाभोवतीची चार किलोमीटरची तटबंदी शाबूत आहे. वर झाडी, भाड्याच्या सायकली, पोरं खूश. रोमन रंगमंडलाच्या पायावर उभी राहिलेली घरं आजही लंबगोलात आहेत. सिएनाला बसने जा, रेल्वे स्टेशन टेकडीखाली आहे.

रिजनल रेल्वेचं छापील तिकीट गाडीत चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, नाहीतर दंड होतो.