ट्रॉली ओढेल, पण थांबवेल का?

बैल विकत घेताना आपण काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, वशिंड पाहतो. चार पावले चालवून पाहतो. नुसता अंगाने मोठा आहे म्हणून कोणी बैल घेत नाही.

ट्रॅक्टर घेताना मात्र असे होत नाही. "शेजाऱ्याचा पंचेचाळीसचा आहे ना? मग आपला पन्नासचा पाहिजे!" एवढ्या बोलण्यावर सौदा होतो. ट्रॅक्टर म्हणजे काही लाखांचा मामला. बँकेचे कर्ज होते. सातबाऱ्यावर बोजा चढतो. हप्ते फिटेपर्यंत घरातल्या सगळ्यांना हात आखडावा लागतो. म्हणून आधी विचार करावा आणि मग सही करावी, हे बरे.

ट्रॅक्टरची कामे पुष्कळ आहेत. नांगरट आहे, रोटाव्हेटर आहे, फवारणी आहे. त्या सगळ्यांविषयी आम्ही येथे सांगत नाही. उसाची ट्रॉली कारखान्याला न्यायची असेल, तर ट्रॅक्टर कसा निवडावा, एवढेच आपण या पाठात पाहू.

आधी ओझे मोजा

पहिला प्रश्न ट्रॅक्टरचा नाही, ओझ्याचा आहे. आपल्याला किती ओढायचे आहे?

हे अंदाजाने सांगू नये. कारखान्याच्या काट्यावर पावती मिळते. तिच्यावर भरलेल्या गाडीचे वजन असते आणि रिकाम्या गाडीचेही असते. गेल्या हंगामातल्या आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पावत्या काढाव्यात आणि आकडे वाचावेत. आपल्याला अक्षर आले, आकडा आला, त्याचा उपयोग अशाच ठिकाणी आहे.

समजा, रिकामी ट्रॉली २ टनांची आहे. तिच्यात ८ टन ऊस भरला. ट्रॉलीचे झाले १० टन. ट्रॅक्टर स्वतः सुमारे २ टनांचा. म्हणजे रस्त्यावरून एकूण १२ टन चालले आहेत. एक टन म्हणजे १००० किलो, म्हणजे १० क्विंटल. पुढचा सगळा हिशेब आपण याच १२ टनांवर करू. हिशेब ढोबळ आहे, पण गोष्ट कळायला पुरेसा आहे.

एचपी म्हणजे काय?

दुकानात पहिला शब्द कानावर येतो तो एचपीचा. एचपी म्हणजे काय? ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी ताकद लागते, ती साधारण एक एचपी.

आता आपली ट्रॉली चढाला लागली. २० पावले पुढे गेले की रस्ता १ पाऊल वर जातो, एवढाच चढ आहे. १२ टनांचा विसावा भाग म्हणजे ६०० किलो. तेवढी ओढ चढासाठी लागेल. डांबरी रस्त्यावर चाके फिरवत ठेवायला आणखी सुमारे २०० किलो धरा. एकूण ओढ झाली ८०० किलो.

ही ट्रॉली माणसाच्या संथ चालीने, सेकंदाला एक मीटर, चढवायची असेल तर ११ एचपी पुरतात. वेग दुप्पट हवा असेल तर २२ एचपी लागतात. चौपट हवा असेल, म्हणजे ताशी १४ किलोमीटर, तर ४३ एचपी लागतात. गिअरमध्ये थोडी ताकद खर्ची पडते, ती वेगळी.

यावरून काय कळले? चढाची ओढ तीच राहते. एचपी वाढली की तेच काम लवकर होते. लहान इंजिनही खालच्या गिअरमध्ये हळूहळू चढ काढते. म्हणून नुसत्या एचपीवर भुलू नये.

ताकद मातीत उतरली पाहिजे

इंजिनात ताकद पुष्कळ आहे, पण चाक जागच्या जागी फिरते आहे. उसाच्या फडात असे आपण सर्वांनी पाहिले आहे. असे का होते? चाकाची पकड अपुरी पडते म्हणून.

पकड ही चाकावरच्या भारावर अवलंबून असते. आपल्या २ टनांच्या ट्रॅक्टरचा सुमारे १३०० किलो भार मागच्या चाकांवर असतो. कोरड्या डांबरावर त्यातून सुमारे ९०० किलो पकड मिळते. आपल्याला हवी होती ८०० किलो. म्हणजे कसेबसे निभावले. ओल्या मातीत पकड निम्म्यावर येते आणि फडातली ओढ तर कित्येक पटींनी वाढते. मग इंजिन ५० चे असो की ६० चे, चाक फिरत राहणार आणि डिझेल जळत राहणार.

म्हणून ट्रॅक्टर पाहताना त्याचे वजन विचारा. मागचे टायर केवढे आहेत ते पाहा. चाकांना लोखंडी वजने लावून किंवा टायरमध्ये पाणी भरून पकड वाढवता येते. पण किती वजन लावावे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. त्याहून जास्त लावू नये.

ओझे कोठे भरले, यालाही महत्त्व आहे. बैलगाडीचे आपल्याला ठाऊक आहेच. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलते. पुढे जास्त भरले तर सगळा भार मानेवर येतो, बैल दबतात. दोन चाकांच्या ट्रॉलीचेही तसेच आहे. मागे भार जास्त झाला तर ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलू पाहतो आणि पकड जाते. दांड्यावर फार भार आला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. चार चाकांच्या ट्रॉलीचे बहुतेक ओझे तिच्याच चाकांवर असते. तेथे ट्रॅक्टरला स्वतःच्या वजनावरच पकड धरावी लागते.

काही जण पुढची चाके उचलू नयेत म्हणून बॉनेटवर माणसे बसवतात. हे कधीही करू नये. पुढची चाके उचलतात, याचा अर्थ ओझे जास्त झाले आहे किंवा ट्रॉली चुकीच्या ठिकाणी जोडली आहे. ट्रॉली नेहमी खालच्या ठरलेल्या हुकालाच जोडावी. वर टॉपलिंकच्या जागी साखळी किंवा दोर बांधून ओढू गेले, तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटतो. उडी मारायलाही सवड मिळत नाही.

खरा प्रश्न थांबण्याचा

"अहो, आमच्याकडे तर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात!" असे कोणी म्हणेल. ओढतात, हे खरे आहे. सपाट रस्त्यावर एकदा गती घेतली की ओढायला फारसे लागत नाही. पण जे ओढले ते थांबवायचे कोणी?

बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्या चाकांची पकड किती? मघाचीच, ९०० किलो. ओढताना तीच आणि थांबवतानाही तीच. जोरात ब्रेक लावला की भार पुढे सरकतो आणि ती आणखी कमी होते.

एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे. ब्रेक दाबला तर तो सुमारे चार मीटरांत थांबतो. मागे १० टनांची ट्रॉली आहे आणि तिला ब्रेक नाही. आता तोच ट्रॅक्टर थांबायला निदान १७ मीटर घेईल. ब्रेकवर पाय जाईपर्यंत पुढे गेलेले अंतर वेगळेच. समोर शाळेचे पोर आडवे आले तर? शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते, हेही ध्यानात ठेवा.

हे झाले सपाटीचे. आता उतार पाहा. १० पावलांत १ पाऊल खाली जाणारा उतार आहे. १२ टनांचा दहावा भाग, म्हणजे १२०० किलोचा रेटा ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ब्रेकची पकड ९०० किलो. चाकांचा स्वतःचा अडथळा २०० किलो. दोन्ही मिळून ११००. रेटा १२००. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबला तरी ट्रॅक्टर थांबणार नाही! अशा वेळी ट्रॉली मागून रेटत ट्रॅक्टरला आडवा करते आणि दोन्ही उलटतात. चालकाने दारू घेतलेली नसते, तो झोपलेला नसतो. पण हिशेबच चुकलेला असतो.

मग उपाय काय? आणखी मोठा ट्रॅक्टर? नाही. नीट पाहा, १० टन भार ट्रॉलीच्या चाकांवर आहे. म्हणजे सर्वांत जास्त पकड तेथेच आहे. म्हणून ब्रेक ट्रॉलीला पाहिजे. ट्रॅक्टरला पाच एचपी जास्त घेण्यापेक्षा तो पैसा ट्रॉलीच्या ब्रेकवर घालावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. काही ट्रॉल्यांचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर लागतो. काहींचा ट्रॉली पुढे रेटू लागली की त्या रेट्यानेच लागतो. ट्रॅक्टर निवडतानाच विचारा, "ट्रॉलीचा ब्रेक जोडायची याला सोय आहे का?" आणि जोडून दाखवायला सांगा.

चालवतानाही काही नियम पाळावे लागतात. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडावेत. नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

ट्रॉली जुनी घेताना

ट्रॅक्टर नवा आणि ट्रॉली जुनी, असे पुष्कळ ठिकाणी असते. जुनी ट्रॉली घेताना रंगावर जाऊ नका. रंगाखाली बरेच काही झाकता येते. दांड्याला चीर किंवा ठिकठिकाणी वेल्डिंग आहे का, ते पाहा. हुकाचे भोक झिजून लांबट झाले आहे का, पाहा. चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडले तर बेअरिंग गेले असे समजा. पाटे मोडलेले नसावेत. पिनेला निसटू न देणारी क्लिप असावी. शिवाय दांडा आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी एक मजबूत साखळी हवीच. पिन तुटली तरी ट्रॉली वाऱ्यावर सुटत नाही.

ट्रॉलीच्या मागे दिवे आणि रिफ्लेक्टर हवेत. उजेड पडला की चमकणारी लाल पट्टी म्हणजे रिफ्लेक्टर. उसाची वाढे मागे लोंबली की ती झाकून जाते. मग रात्री मागून मोटारसायकलीवर येणाऱ्याला काळोखात काही दिसत नाही. तो आपल्याच गावचा कोणी असतो. ट्रॉली बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्यावी. चाकामागे लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत.

कागद वाचून घ्या

कायद्याने ट्रॉली हेसुद्धा वाहनच आहे. तिची नोंदणी वेगळी करावी लागते. विम्याच्या कागदात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर अपघातानंतर भरपाईचा बोजा आपल्याच घरावर येऊ शकतो.

नोंदणीच्या कागदावर रिकामे वजन आणि भरलेले जास्तीत जास्त वजन यांचे आकडे असतात. त्यापेक्षा जास्त भरू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. त्याप्रमाणे जादा वजन भरल्यास २०,००० रुपये दंड आहे आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये. एका खेपेत दोन टन जास्त नेऊन जे मिळते, त्याच्याशी हा दंड ताडून पाहा.

सही करण्याआधी

घरातली मंडळी एकत्र बसा. कारभारणीलाही बसवा, कारण हप्त्याची झळ चुलीपर्यंत पोहोचते. कागदावर पाच प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरे आकड्यांत मांडा. पावतीप्रमाणे आपले ओझे किती टन? वाटेवर सर्वांत मोठा चढ-उतार कोठे आहे? ट्रॅक्टरचे वजन किती? ट्रॉलीला ब्रेक आहे का? हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो; बाकीच्या महिन्यांत हा ट्रॅक्टर काय काम करील आणि हप्ता कशातून जाईल?

हा कागद घेऊन दुकानात जा. दुकानदार सांगेल, "हा वीस टन ओढतो." त्याला शांतपणे विचारा, "ओढतो ते कळलं. पण आमच्या उतारावर थांबतो का?" त्याचे उत्तर समाधानाचे मिळाले, तरच पुढे बोला. नाहीतर चहा पिऊन परत या. ट्रॅक्टर आठ दिवसांनी घेतला तरी ऊस कारखान्याला जातो. चालवणारा माणूस मात्र रोज रात्री घरी परतला पाहिजे.