साल्वादोर सांचेझ : संयमी मुष्टियोद्धा

मुष्टियुद्ध म्हणजे निव्वळ ठोसेबाजी, हा समज साल्वादोर सांचेझने खोडून काढला, असे मला वाटते. मेक्सिकोत १९५९ साली जन्मलेल्या सांचेझने १९८० मध्ये डॅनी लोपेझला हरवून फेदरवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले व अखेरपर्यंत राखले. त्याचे खरे बळ संयमात होते. प्रतिस्पर्ध्याला तो आधी चाल करू देई. ठोसा हुकला की उघड्या पडलेल्या जागी नेमका प्रहार करी. तोवर एकदाही न हरलेला विल्फ्रेदो गोमेझ १९८१ मध्ये आठव्या फेरीत नमला. आझुमा नेल्सनला हरवायला जुलै १९८२ मध्ये पंधरावी फेरी उजाडली. पुढे तीनच आठवड्यांनी मोटार अपघातात सांचेझ गेला. वय अवघे २३! वाट पाहून जिंकणाऱ्या या वीरासाठी काळ मात्र थांबला नाही.