बांधावरची अंडपेटी

उष्ण कटिबंधातील बेटांवर फुलाचे, वाळक्या पानाचे किंवा झाडाच्या सालीचे हुबेहूब रूप घेणारे प्रार्थनाकीटक आढळतात. सिंहल बेटावर व दक्षिण भारतात सापडणाऱ्या व्हायोलिनच्या आकाराच्या अशाच एका जातीला लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली शास्त्रीय नाव दिले. मात्र या कीटकांची ओळख करून घेण्यासाठी समुद्र ओलांडावयास नको. सातारा-सांगलीत कोयना-चांदोलीच्या रानापासून माण व जतच्या माळापर्यंत त्यांचे भाऊबंद नांदतात.

जगात त्यांच्या सुमारे २,४०० जाती आहेत. भारतात दीडशेहून अधिक. पुष्कळ लोक त्यांना नाकतोडेच समजतात. वास्तविक त्यांचे जवळचे नाते झुरळाशी व वाळवीशी आहे. प्रार्थनेसाठी जोडल्यासारखे दिसणारे पुढचे काटेरी पाय हे भक्ष्य पकडण्याचे साधन होय. वटवाघळाचा चीत्कार टिपणारा त्यांचा एकमेव कान छातीच्या खालच्या बाजूस असतो, हे १९८६ साली उजेडात आले.

शेतकऱ्यांनी ओळखावी अशी खरी वस्तू म्हणजे या कीटकाची अंडपेटी. मादी पोटाच्या टोकातून फेस सोडून त्यात अंडी रचते. फेस सुकून घट्ट झाला की काडीला चिकटलेली बोराएवढी, मातकट रंगाची पेटी तयार होते. तीत काही डझनांपासून दोन-तीनशेपर्यंत अंडी असू शकतात. पेटीवर ठिकठिकाणी बारीक गोल छिद्रे दिसली, तर एखादी परोपजीवी गांधीलमाशी आत वाढून बाहेर पडली असे समजावे. प्रार्थनाकीटकाची पिले मधल्या पट्टीतूनच निघतात.

ही पेटी उन्हाला व कोरड्या हवेला दाद देत नाही. आगीपुढे मात्र तिचा निभाव लागत नाही. द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या, बांधावरचे गवत, उसाचे पाचट पेटविले की त्यांस चिकटलेल्या पेट्याही जातात.

या कीटकाला शेतकऱ्याचा मित्र म्हणण्याची प्रथा आहे. ती थोडी जपूनच स्वीकारावी, कारण तो अळी, पतंग, तुडतुडे यांच्याबरोबर मधमाशीही खातो आणि एकट्याने कोणतीही कीड आटोक्यात आणत नाही. तरीही शेतातील कीटकभक्षकांच्या फौजेतला तो एक शिपाई आहे, आणि त्याला राखण्यास खर्च काहीच नाही. पेटी असलेली काडी जाळण्याऐवजी कापून कुंपणाच्या झुडपाला बांधावी. सर्व पेट्या एकाच जागी मात्र ठेवू नयेत. भुकेली पिले एकमेकांनाच खातात.