सांधा चालणाऱ्यालाच दिसतो

स्वित्झर्लंडच्या डोंगरांत जागोजागी पिवळ्या पाट्या असतात. पुढच्या गावाचं नाव आणि त्यासमोर एक आकडा. पण तो किलोमीटरचा नसतो, वेळेचा असतो. एक तास पन्नास मिनिटं, एवढंच. सपाटीवर माणूस तासाला 4.2 किलोमीटर चालतो असं धरायचं, त्यात चढ-उताराचा हिशेब मिसळायचा आणि वाटेत डबा खायला बसलात तर तो वेळ तुमचा तुम्ही धरायचा. (विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये असाच ठोकताळा बांधला होता: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक. इतक्या वर्षांनीही तो फारसा चुकत नाही.) उन्हाळी सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या की या पाट्यांची छायाचित्रं मराठी घरांतल्या फोनांवरून फिरू लागतात आणि मागोमाग प्रश्न येतो: नदी, जंगल आणि डोंगर यांना जोडणाऱ्या अशा पायवाटा आपल्याकडे का नाहीत? त्याचं उत्तर जबलपुरात सापडतं. आपल्याकडे वाट आहे आणि तिचं मापही वेळेतच सांगितलं जातं: तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस.

नर्मदा परिक्रमा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून हा विषय आपल्या घरात आहे. इथे मुद्दा तिच्या पुण्याचा नसून तिच्या नियमांचा आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठेही ओलांडायचं नाही. 1312 किलोमीटरची नदी, म्हणजे दोन्ही काठ मिळून सव्वीसशे किलोमीटरांच्या वर चाल. हे नियम ज्यांनी घातले त्यांच्या मनात भूशास्त्र असण्याचं कारण नाही. पण क्षेत्रकामाला निघालेल्या भूशास्त्र्याला यापेक्षा चांगली शिस्त कुणी शिकवू शकणार नाही, कारण आवडेल तेवढंच पाहून पुढे उडी मारण्याची सोयच हा नियम ठेवत नाही. प्रेक्षणीय ठिकाण जेवढं चालावं लागतं, तेवढंच दोन प्रेक्षणीय ठिकाणांमधलं कंटाळवाणं रानही चालावं लागतं. माझं म्हणणं असं की या वाटेचं विज्ञानाच्या दृष्टीने जे मोल आहे, ते त्या मधल्या रानात आहे.

जबलपूरजवळचा भेडाघाट ते ग्वारीघाट हाच पट्टा घ्या. परतीचा परिकम्मावासी उत्तर काठाने, प्रवाहाच्या उलट्या दिशेने इथे पोहोचतो. आधी भेडाघाटचा संगमरवर: पावणेदोनशे कोटी वर्षांहून जुना, मॅग्नेशियमयुक्त, मूळचा समुद्रतळावरचा चुन्याचा गाळ, पुढे उष्णतेने आणि दाबाने भाजून निघालेला. त्या पांढऱ्या भिंतींत मधूनच काळ्या-हिरव्या अग्निजन्य खडकाच्या शिरा घुसलेल्या दिसतात. (घाटावरच्या दुकानांत ‘संगमरवराच्या’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मूर्ती खरं तर शंखजिऱ्याच्या असतात. अशा खडकात सिलिका आणि उष्णता शिरली की शंखजिरं तयार होतं आणि ते नखानेही कोरलं जातं. फसवणूक म्हणावी तर आहे, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती संगमरवराची सख्खी भाचीच.) पुढे लमेटाघाटाला येईपर्यंत पायाखालचं सगळं बदललेलं असतं. तिथे त्या पुराण खडकांवर हिरवट वाळूखडक बसला आहे, त्यावर चुनखडी, त्यावर ठिपक्यांचे गाठाळ थर, वर पुन्हा वाळूखडक आणि शेवटी टोपीसारखा काळा पाषाण. ज्याचा सह्याद्री घडला, तोच. खालचा संगमरवर आणि वरचा हिरवट वाळूखडक यांच्यामध्ये शंभर कोटींहून अधिक वर्षांची पानं गायब आहेत. भूशास्त्रात अशा ठिकाणाला विसंगती म्हणतात. नजरेला ती एक ओबडधोबड रेघ असते, बोटभर जाडीचीही नसते. गाडीने भेडाघाट पाहून, गाडीनेच लमेटाघाटावर उतरणाऱ्याने दोन्ही खडक पाहिलेले असतात. सांधा मात्र राहून गेलेला असतो.

यावर जाणकार एक रास्त शंका काढतील. खडकांचा क्रम वाचायचा तर त्यांना आडवं कापत जायला हवं, आणि नर्मदा तर शोण-नर्मदा भेगेच्या खोलगटातून, भेगेला समांतर वाहते. मग तिच्या काठाने चालून एकाच पानावरची एकच ओळ वाचली जाणार नाही का? नदीच्या बऱ्याच लांबीबाबत ही शंका खरी आहे. जबलपूरजवळ मात्र नदी वळते. मंडल्याकडून काळ्या पाषाणाच्या पठारावरून ती वायव्येला येते, ग्वारीघाटापाशी पश्चिमेकडे कलते आणि भेडाघाटला संगमरवर चिरून बाहेर पडते. त्यामुळे या थोड्या अंतरात एकामागून एक खडक आडवे येतात. ती भेगही केवळ इतिहासजमा नाही. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचं नाभीकेंद्र जमिनीखाली सुमारे 35 किलोमीटरवर होतं. द्वीपकल्पातल्या भूकंपासाठी ही खोली बरीच जास्त आहे.

लमेट्याच्या चुनखडीवरून भूशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. तिच्यातली बिळं खेकड्यांची आहेत, म्हणजे इथे किनारा होता, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणाला, हा समुद्र नाही, ही तर माती आहे! निमकोरड्या प्रदेशात जमिनीतलं पाणी उडून जातं आणि चुना मागे राहून त्याचे खडे बनतात. शेतकरी ज्याला कंकर म्हणतो तेच. (हा शब्द इंग्रजी भूशास्त्राने आपल्याकडूनच उचलला.) थर नुसते एका जागी न पाहता काठाकाठाने लांबवर पाठपुरावा करत गेल्यावर मुळांच्या खुणा, तडकलेली जमीन आणि तात्पुरत्या ओढ्यांची वाळू यांचा मेळ बसला आणि पारडं मातीच्या बाजूला झुकलं. या मातीवर डायनोसॉर वावरले आणि अंडी घालून गेले.

त्या डायनोसॉरांच्या शोधाचं श्रेय देताना आपण नेहमी कंजूषपणा करतो. विल्यम स्लीमन हे नाव ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. याच स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर दगड झालेली हाडं सापडली, हे फारसं कुणी सांगत नाही. इंग्लंडात मेगॅलोसॉरसचं वर्णन छापून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती आणि ‘डायनोसॉर’ हा शब्द जन्मायला अजून चौदा वर्षं होती. स्लीमनची हाडं शल्यवैद्य स्पिल्सबरी यांच्या हातून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. (ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच, त्या काळी कलकत्त्यात जे काही वाचता येत नसे ते त्याच्याकडे पाठवलं जाई.) 1877 मध्ये रिचर्ड लायडेकरने त्या मणक्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. 1917 पासून चार्ल्स मॅटलीने तीच टेकडी थराथराने तपासली. मूळ मणके मात्र पुढे हरवले, आणि हरवले ते टेकडीवर नव्हे तर संग्रहात. 2012 मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या साठ्यातून त्यातला एक मणका पुन्हा शोधून काढला. गुजरातेत डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळं घालून बसलेल्या सापाचा जीवाश्म अभ्यासणारे मोहबे ते हेच. नर्मदाखोऱ्याच्या या विज्ञानात नागपूरच्या भूशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. मराठी वर्तमानपत्रांत डायनोसॉर येतात ते मात्र हॉलिवूडच्या वाटेने.

आता या जागेसाठीच्या योजनांकडे येतो. भेडाघाट-लमेटाघाट 2021 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं, पाठोपाठ लमेट्याला भूउद्यान करण्याची घोषणा झाली. चांगलंच झालं. पण अशा योजना साधारणपणे ठिपक्यांच्या असतात: वाहनतळ, माहितीफलक, प्रेक्षणसज्जा, आणि दोन ठिपक्यांमध्ये डांबरी रस्ता. वर सांगितलेलं खरं असेल, तर खडकांचा अर्थ रेघेत आहे आणि उद्यान मात्र ठिपक्यांचं होणार. कुणी म्हणेल, विसंगतीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, स्कॉटलंडचा सिकार पॉइंट, जेम्स हटनने 1788 मध्ये नावेतून पाहिलं. मग भेडाघाटच्या नौकाविहारात काय वाईट? वाईट काही नाही. पण हटन नावेत बसला तो आपल्याला काय शोधायचंय हे ठरवून. आसपासच्या ओढ्यांत दोन्ही प्रकारचे खडक त्याने आधी पाहिले होते आणि ते कुठे भेटत असतील याचा अंदाज बांधला होता. नाव ही त्या शोधाची शेवटची पायरी होती.

म्हणून स्वित्झर्लंडकडून पाट्या उसन्या आणण्याआधी त्यांचा कायदा वाचावा. 1930 च्या दशकात मोटारी घाटरस्त्यांवर आल्या, चालणाऱ्यांना जागा उरेना, तेव्हा योहान याकोब एस या शिक्षकाने एकसारख्या खुणांच्या पायवाटांची कल्पना मांडली आणि 1934 मध्ये संघटना उभी राहिली. 1979 मध्ये सार्वमताने पायवाटा थेट राज्यघटनेत गेल्या. आज त्यांची लांबी सुमारे 65 हजार किलोमीटर आहे. या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1985 च्या कायद्यातलं एक कलम: पायवाट काढून टाकावी लागली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यायची. आणि ‘काढून टाकणं’ म्हणजे नुसतं तोडणं नव्हे. वाटेवर वाहनांची मोठी वर्दळ आली किंवा लांब पट्ट्यावर पायांना न मानवणारा थर चढवला, तरी ती वाट गेली असंच धरलं जातं. आपल्याकडे डांबर पडलं की वाट सुधारली म्हणून नारळ फुटतो.

जबलपूरला हे कलम कुठे लागलं असतं ते शोधावं लागत नाही. शहराच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे. 1990 मध्ये पूर्ण झालेलं, 162 गावांची जमीन गिळणारं, पंचाहत्तर किलोमीटर लांब फुगवट्याचं. माणसांच्या पुनर्वसनाचा अपुरा हिशेब हा त्यातला सर्वांत मोठा प्रश्न, आणि वाटेची गोष्ट त्याच्यापुढे लहान आहे हे मान्य. तरी ती आहे. काठच पाण्याखाली गेला. परिकम्मावासी फुगवट्याला वळसा घालून, बराचसा रस्त्याने, जातो. बदली वाट देण्याचा विचार झाला नाही, कारण जुन्या वाटेची ‘वाट’ म्हणून कुठे गणनाच नव्हती. युरोपातल्या श्रीमंत, छोट्या देशाचा दाखला आपल्याला कशाला, असं म्हणणाऱ्यांना मध्य प्रदेशाचीच 1959 ची भू-राजस्व संहिता दाखवता येईल. तिच्यात प्रत्येक गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रूढींच्या नोंदवहीत, पाण्याच्या आणि वहिवाटीच्या वाटेच्या रूढी नोंदवण्याची तरतूद आहे. ही वहिवाटीची वाट म्हणजे महाराष्ट्रातल्या पाणंदीचीच नातेवाईक. मोटारीतून पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा उरकणाऱ्यांना अशा नोंदीची गरज नाही. पायी जाणाऱ्याला आहे आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही.

एक आक्षेप उरतो: नर्मदेचा पूर काठच बदलतो, मग वाट कायमची आखायची कशी? पण आल्प्समध्येही दरडी कोसळतात, हिमनद्या मागे सरकतात, वाटा बंद होतात आणि दुसरीकडून काढल्या जातात. कायदा रेघेची जागा राखत नाही, तिचं अखंडत्व राखतो. परिक्रमेचा नियमही वेगळं काही सांगत नाही: काठ कुठेही सरको, नदी उजव्या हाताला हवी. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तुकड्यातुकड्यांनी ही वाट चालायला घेतली. त्यातल्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी काही त्यांनी पाहिले तसे आज बरगीच्या पाण्याखाली आहेत, आणि तिथल्या खडकांचे सांधेही.