उपकरणाधारित उड्डाणाचे प्रशिक्षण : संस्था निवडीचे निकष

सारांश : व्यावसायिक वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ ही पात्रता मिळवावी लागते. बाहेरचे काहीही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची ही पात्रता होय. तिच्या प्रशिक्षणासाठी संस्था निवडताना शुल्क, कालावधी आणि जाहिरात यांकडे प्रामुख्याने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या पात्रतेचे स्वरूप स्पष्ट करून, त्या स्वरूपातूनच निवडीचे निकष कसे निघतात, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : इन्स्ट्रुमेंट रेटिंग, दिशाभ्रम, सिम्युलेटर, उड्डाण प्रशिक्षण, नोंदवही.

१. प्रस्तावना

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड या विमानतळावर जेम्स डूलिटल यांनी आपल्या आसनावर आच्छादन घालून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान हवेत नेले, फिरविले आणि पुन्हा धावपट्टीवर उतरविले. पुढच्या आसनावर खबरदारी म्हणून दुसरा वैमानिक बसला होता. परंतु त्याला हस्तक्षेप करावा लागला नाही. दृष्टीऐवजी उपकरणांवर विसंबून उड्डाण करता येते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. आजची प्रवासी विमानसेवा ढग, धुके आणि रात्र यांना न जुमानता चालते, तिचा पाया या प्रयोगात आहे.

महाराष्ट्रात उड्डाण प्रशिक्षणाचा विषय निघाला की बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, नागपूर ही नावे घेतली जातात. काही विद्यार्थी अमेरिकेसारख्या देशात जाण्याचा पर्यायही तपासतात. भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन बारावी झालेला विद्यार्थी आणि त्याचे पालक सल्ल्यासाठी अनेकदा महाविद्यालयातील अध्यापकाकडेच येतात. शिक्षणाचा खर्च लक्षावधी रुपयांचा असतो आणि बहुधा घर किंवा शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढलेले असते. अशा वेळी ‘कोणती संस्था चांगली?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर देणे योग्य ठरत नाही. त्यासाठी ही पात्रता नेमकी कशाची आहे, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

२. उपकरणांवर विश्वास का शिकावा लागतो?

मनुष्याला तोल सांभाळण्याची जाणीव डोळे, स्नायू आणि अंतर्कर्ण यांच्याद्वारे होते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. डोके वळले की हा द्रव मागे रेंगाळतो आणि त्यामुळे वळण जाणवते. मात्र विमान एकाच गतीने वळत राहिले, तर काही सेकंदांत द्रवाची गती नलिकेच्या गतीइतकी होते आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. विमान कललेले असूनही वैमानिकाला ते सरळ चालले आहे असे वाटते. त्याने ते खरोखर सरळ केले की त्याला विरुद्ध बाजूस कलल्याचा भास होतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात ती दुरुस्त करणारे काहीच नसते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यासंबंधी एक प्रयोग करण्यात आला. उपकरणाधारित उड्डाणाचा अनुभव नसलेल्या २० जणांना, शेजारी प्रशिक्षक असताना, बाहेरचे दृश्य कृत्रिमरीत्या बंद करून विमान चालविण्यास सांगण्यात आले. विसांपैकी एकालाही विमानावर ताबा ठेवता आला नाही. १९ जणांचे विमान वेगाने खाली येणाऱ्या गिरकीत सापडले. ताबा सुटण्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी होता. त्याच व्यक्तींना ढगातून मागे वळण्याची सोपी पद्धत शिकविल्यानंतर मात्र ते यशस्वी झाले. योग्य प्रशिक्षणाने हा धोका टाळता येतो आणि ते नसल्यास हुशारी कामास येत नाही, असे दोन्ही निष्कर्ष या प्रयोगातून निघतात.

१६ जुलै १९९९ रोजी जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) यांचे विमान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि विमानातील तिघेही मृत्युमुखी पडले. रात्रीची वेळ होती, हवेत धूसरपणा होता आणि पाण्यावर क्षितिज दिसत नव्हते. दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष तेथील चौकशी मंडळाने काढला. केनेडी यांनी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे प्रशिक्षण सुरू केले होते. परंतु ते पूर्ण झालेले नव्हते. शरीर एक सांगत असते आणि उपकरण दुसरे; त्या क्षणी उपकरणाचे ऐकण्याची सवय अंगी बाणणे हे या प्रशिक्षणाचे सार आहे. प्रशिक्षण संस्थेचे मूल्यमापन या एका कसोटीवर करावयास हवे.

३. नियमांनी ठरविलेली किमान मर्यादा

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टानुसार या पात्रतेसाठी विमानप्रमुख या नात्याने ५० तासांचे दूरपल्ल्याचे उड्डाण आणि उपकरणाधारित उड्डाणाचे ४० तास आवश्यक मानले आहेत. या ४० पैकी साधारणतः २० तासांपर्यंतचा सराव जमिनीवरील सिम्युलेटरवर मान्य होतो. भारतातील निकषांची चौकटही हीच आहे. अमेरिकेत दोन मार्ग आहेत. ‘भाग ६१’ नुसार ४० तास पूर्ण करावे लागतात. ‘भाग १४१’ खालील संस्थांचा अभ्यासक्रम शासनमान्य व क्रमबद्ध असल्याने तेथे किमान ३५ तास पुरतात. परदेशात शिकून भारतीय परवाना घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘कमी तासांत पूर्ण’ या आश्वासनावर जाण्यापूर्वी आपले तास भारतीय निकषांत बसतील काय, हे पडताळून घ्यावे.

तथापि हे सर्व आकडे किमान मर्यादेचे आहेत. एकाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम दोन महाविद्यालयांत शिकविला जातो, तेव्हा तासिकांची संख्या समान असूनही अध्यापनाचा दर्जा समान नसतो. येथेही तसेच आहे. ४० तासांची नोंद सर्वांच्याच वहीत असते. त्या तासांत काय घडले, हा खरा प्रश्न आहे.

४. निवडीचे निकष

४.१ प्रशिक्षक : अनेक तरुण वैमानिक स्वतःचे उड्डाणतास वाढविण्यासाठी काही काळ प्रशिक्षकाचे काम करतात आणि विमान कंपनीत संधी मिळताच निघून जातात. यात गैर काही नाही. परंतु विद्यार्थ्याच्या वाट्याला अर्ध्या वर्षात तीन-चार प्रशिक्षक आले, तर प्रत्येक जण पहिले काही तास त्याची पातळी अजमावण्यातच घालवितो. उपकरणे ठरावीक क्रमाने न्याहाळण्याची सवय ही एका हाताखाली घडणारी गोष्ट आहे. म्हणून या टप्प्यावर एकच प्रशिक्षक राहील काय, एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत आणि प्रशिक्षकाने स्वतः ढगांतून किती उड्डाण केले आहे, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

४.२ विमाने व देखभाल : माहितीपत्रकात विमानांची संख्या मोठी असते, त्यांपैकी उड्डाणयोग्य किती, हे प्रत्यक्ष भेटीतच कळते. सुटे भाग नसल्याने उभी असलेली विमाने संख्येत धरू नयेत. विमानातील उपकरणांचा प्रकारही पाहावा. जुन्या विमानांत वेग, कल, उंची, वळण, दिशा आणि चढ-उतार दाखविणाऱ्या सहा स्वतंत्र तबकड्या असतात. नव्या विमानांत हीच माहिती एका पडद्यावर दिसते. पडद्याचे शिक्षण पुढील नोकरीत उपयुक्त ठरते. तबकड्यांमुळे माहिती जुळविण्याची सवय लागते. कोणताही प्रकार असला, तरी मुख्य उपकरण बंद पडल्याचे गृहीत धरून उरलेल्या उपकरणांवर उड्डाण करण्याचा सराव पुरेसा दिला जातो की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

४.३ सिम्युलेटर : सिम्युलेटरवरील तास स्वस्त पडतात म्हणून त्यांना दुय्यम समजणे चुकीचे आहे. इंजिन निकामी होणे किंवा कृत्रिम क्षितिज दाखविणारे उपकरण हळूहळू चुकत जाणे, यांचा सराव तेथे निर्धोकपणे करता येतो. चूक झाली की यंत्र थांबवून ती तेथल्या तेथे समजावता येते. मात्र स्थिर सिम्युलेटरमध्ये अंतर्कर्णाला फसविणारी गती नसते. त्यामुळे शरीराच्या भासावर मात करण्याचे शिक्षण तेथे मिळत नाही. सिम्युलेटरवर रीत शिकावी आणि विमानात ती कसास लावावी, अशी सांगड घालणारी संस्था योग्य मार्गावर असते.

४.४ हवामान व परिसर : सरावात विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झापड लावून त्याला बाहेरचे दिसू नये अशी व्यवस्था करतात. हा सराव आवश्यक असला, तरी झापडीच्या कडेने प्रकाश व सावली यांची चाहूल लागतेच. खऱ्या ढगात तीही नसते. अमेरिकेतील अॅरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात उड्डाणाचे दिवस भरपूर मिळतात. परंतु ढग क्वचितच भेटतात. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात ढग भरपूर असतात. परंतु त्यांत गडगडाटी ढग दडलेले असू शकतात आणि लहान प्रशिक्षण विमान तेथे नेणे हा अविचार ठरतो. म्हणून पावसाळ्यात किती दिवस उड्डाण बंद असते आणि सौम्य ढगांत प्रशिक्षकासह जाण्याची संधी मिळते काय, याची विचारणा करावी.

परिसराचा आणखी एक भाग म्हणजे विमानतळावरील सुविधा. उपकरणाधारित अवतरण प्रणालीत जमिनीवरून प्रक्षेपित होणाऱ्या रेडिओ लहरी वैमानिकाला धावपट्टीची मध्यरेषा आणि साधारणपणे ३ अंशांचा उताराचा मार्ग दाखवितात. तिच्या पहिल्या श्रेणीत सामान्यतः जमिनीपासून २०० फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर पुन्हा वर जावे लागते. ही प्रणाली लहान प्रशिक्षण तळांवर सहसा नसते. त्यासाठी विमान मोठ्या विमानतळावर न्यावे लागते. अशा किती फेऱ्या शुल्कात धरल्या आहेत, हे विचारावे. वर्दळीच्या विमानतळावरील नियंत्रकाशी रेडिओवर बोलणे, त्याच्या सूचना लिहून घेणे आणि त्याच वेळी विमान स्थिर ठेवणे, हेही शिक्षणच आहे. भारताची ‘गगन’ ही उपग्रहाधारित प्रणाली अवतरणासाठी २०१५ साली प्रमाणित झाली. त्यामुळे उपग्रहाधारित अवतरणाचा सरावही अभ्यासक्रमात असावा.

४.५ सातत्य : हे कौशल्य न वापरल्यास झपाट्याने क्षीण होते. म्हणूनच अमेरिकेतील नियमानुसार ही पात्रता असलेल्या वैमानिकालाही मागील सहा महिन्यांत उपकरणांच्या आधारे किमान सहा वेळा अवतरणमार्गाचा सराव केल्याशिवाय ढगांत उड्डाण करता येत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस उड्डाण देणारी संस्था आणि महिन्यातून दोनदा देणारी संस्था यांचे प्रतितास शुल्क समान असले, तरी दुसऱ्या ठिकाणी विसरलेले पुन्हा शिकण्यात तास खर्ची पडतात आणि एकूण खर्च वाढतो.

४.६ आर्थिक व्यवहार : संपूर्ण शुल्क आगाऊ भरल्यास सवलत देऊ केली जाते. पुढे विमाने बंद राहिली किंवा संस्था अडचणीत आली, तर ती रक्कम परत मिळविणे कठीण होते. टप्प्याटप्प्याने शुल्क, परताव्याची लेखी अट, इंधन दरवाढीची तरतूद, किमान तासांहून अधिक लागणाऱ्या तासांचा दर आणि तास इंजिन सुरू झाल्यापासून मोजतात की उड्डाणापासून, या बाबी करारात स्पष्ट असाव्यात.

४.७ नोंदींची सचोटी : २०११ साली भारतात बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली. न केलेल्या उड्डाणांच्या नोंदींविषयीही त्या काळात चौकशी झाली. ‘तासांची काळजी करू नका, ते आम्ही भरून देऊ’ असे सुचविणारी संस्था विद्यार्थ्याचे पैसे वाचवीत नाही. त्याच्या वहीत असा अनुभव लिहून देते, जो त्याच्याजवळ नाही. परीक्षेतील कॉपीचे परिणाम बहुधा विद्यार्थ्यापुरते राहतात. येथे ते मागे बसलेल्या प्रवाशांपर्यंत पोहोचतात.

५. शासकीय श्रेणीचा उपयोग व मर्यादा

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ साली उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी प्रथमच जाहीर केली. कामगिरी, सुरक्षितता, नियमपालन, विद्यार्थी साहाय्य इत्यादी बाबी त्यात विचारात घेण्यात आल्या. या पहिल्या श्रेणीवारीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकाही संस्थेला स्थान मिळाले नाही. मूल्यांकन आणि पुनर्मूल्यांकन यांचा अनुभव असलेल्या अध्यापकांना श्रेणीचा अर्थ आणि तिच्या मर्यादा दोन्ही परिचित आहेत. अयोग्य संस्था वगळण्यासाठी श्रेणी उपयुक्त आहे; उरलेल्यांतून निवड मात्र प्रत्यक्ष पाहणीनेच करावी लागते.

अशा पाहणीसाठी किमान दोन दिवस द्यावेत. चालू वर्गातील विद्यार्थ्यांशी कार्यालयाबाहेर बोलावे. किती जणांनी प्रवेश घेतला आणि किती जण ठरलेल्या मुदतीत बाहेर पडले, हे विचारावे. उड्डाणानंतर प्रशिक्षक विद्यार्थ्याबरोबर बसून चुकांची चर्चा करतो की पुढच्या विमानाकडे धावतो, हे पाहावे. हवामान बिघडले असता उड्डाण रद्द करण्याचा निर्णय कोण घेतो आणि त्यावर व्यवस्थापनाची प्रतिक्रिया काय असते, याकडेही लक्ष द्यावे. ‘आज जाणे योग्य नाही’ असे प्रशिक्षकाला निःसंकोचपणे म्हणता येणे, हे चांगल्या संस्थेचे लक्षण आहे.

६. समारोप

इन्स्ट्रुमेंट रेटिंग ही परवान्यावरील एक नोंद असली, तरी तिच्यामागे एक विशिष्ट सवय अभिप्रेत आहे. शरीराची साक्ष खोटी असू शकते, हे मान्य करून उपकरणाची साक्ष स्वीकारण्याची ती सवय होय. ती सातत्यपूर्ण सरावाने, स्थिर प्रशिक्षकाच्या हाताखाली, सुस्थितीतील विमानात आणि प्रामाणिक नोंदींच्या आधारे घडते. शुल्काची तुलना यानंतर करावी. सल्ला विचारणाऱ्या पालकाला अध्यापकाने एखाद्या संस्थेचे नाव सांगण्याऐवजी वरील प्रश्नांची यादी हाती दिली आणि प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष भेट देण्याचा आग्रह धरला, तर त्या कुटुंबाचे कर्ज आणि त्या विद्यार्थ्याचे भवितव्य या दोहोंचे हित साधेल.