परसातील आडोसा

उन्हाळ्यात आमच्या घरची जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपतात आणि त्यानंतरचा तास-दीड तास सारे कुटुंब मागच्या परसात असते. सोलापूरच्या वैशाखात पारा 42-43 अंशांवर जाऊन आलेला असतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली त्या वेळी बसवत नाही. परसात दोन बाजा, एक बाकडे, तुळशीचा कट्टा आणि पश्चिमेकडून येणारी वाऱ्याची झुळूक, एवढीच सामग्री. आईचे तर दिवसातील तेच खरे विसाव्याचे स्थान. वाळवणे उचलून झाली की ती बाजेवर पाय पसरून बसे.

सहा वर्षांपूर्वी पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटवर तीन मजली इमारत उभी राहिली. माणसे सालस होती. परंतु त्यांच्या खिडक्या आमच्या परसावर उघडत. त्यांना पाहायचे नव्हते आणि आम्हांला दिसायचे नव्हते, तरीही आईने बाजेवर बसणे सोडले. घरातील लेकी-सुनांनी तर त्याआधीच सोडले होते.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न उद्भवतच नसे. वाड्याचे तोंड आतल्या चौकाकडे आणि रस्त्याला पाठ. मोकळी जागा घराच्या पोटातच असे. वसाहतीतील बंगल्याची रचना याच्या उलट आहे. घर मधोमध आणि नियमाप्रमाणे सोडलेली मोकळी जागा भोवती. चौकाला जो आडोसा आपोआप मिळत होता, तो परसाला विकत घ्यावा लागतो.

आमचे दुकान लोखंडी सामानाचे. पत्रा, पाइप, नट-बोल्ट घरचेच. त्यामुळे विचार करण्याची गरजच मला भासली नाही. दोन दिवसांत 40 फूट लांब आणि 8 फूट उंच पत्र्याची भिंत पश्चिमेला उभी केली. खर्च कमी, काम झटपट. गिऱ्हाइकाला मी हाच सल्ला कितीदा दिला असेल, याचा हिशेब आता न केलेला बरा.

पहिल्याच आठवड्यात परस बदलले. दुपारी तीननंतर पश्चिमेचे ऊन पत्र्यावर सरळ पडे आणि पत्र्याची आतली बाजूही हात ठेववणार नाही इतकी तापे. सावली मिळे, पण सहा फुटांवर उभे राहिले तरी तव्याजवळ उभे असल्यासारखी धग लागे. पत्रा पातळ असल्याने सूर्य मावळल्यावर लवकर निवतो, हे खरे. (विटांची नऊ इंची भिंत उष्णता साठवून ती रात्री परत करते, तिचा त्रास झोपायच्या वेळी कळतो.) मोठे नुकसान निराळेच झाले. झुळूक बंद झाली. परसातील फरशी दिवसभर तापते आणि संध्याकाळचा वारा ती निववतो. तो वाराच अडल्याने रात्री आठ वाजताही फरशीवर अनवाणी चालवेना. तुळस त्या उन्हाळ्यात दोनदा करपली.

एवढे सोसून नजर तरी अडली का? तीही नाही. इमारतीतील वरच्या खिडक्या तशाच राहिल्या. हा हिशेब मी आधी कागदावर मांडायला हवा होता. समजा, शेजारची खिडकी जमिनीपासून 20 फुटांवर आहे आणि कुंपणापासून 15 फूट दूर आहे. आपण कुंपणापासून 10 फूट आत, डोळे जमिनीपासून 3 फुटांवर येतील असे बसलो आहोत. म्हणजे 25 फुटांच्या अंतरात नजर 17 फूट चढते. या चढाने कुंपणाच्या जागी ती जवळजवळ 10 फूट उंचीवर असते. तेव्हा 10 फुटांची भिंत बांधल्याशिवाय ती अडणार नाही. परंतु तोच पडदा बसणाऱ्यापासून 4 फुटांवर धरला, तर 6 फूट पुरतात. आडोसा हद्दीवर जितका उंच लागतो, त्याहून पुष्कळ कमी उंच तो माणसाजवळ लागतो. वरच्या मजल्यांसाठी कुंपण वाढवीत जाण्यापेक्षा बाजेवर वेलीचा मांडव घालावा, हे साधे उत्तर होते.

ते सुचण्यास मात्र एक वळीव यावा लागला. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी वादळ उठले आणि पत्र्याचे दोन गाळे खांबांसकट उपटून शेजारच्या अंगणात जाऊन पडले. त्याच जागी तासाभरापूर्वी त्यांची मुले खेळत होती. पत्र्याची कड काय करू शकते, हे लोखंडाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. कोणाला काही झाले नाही. पण ती रात्र मी जागून काढली. दोष मालाचा नव्हता, माझा होता.

वाऱ्याचा जोर आपण मनात नेहमी कमी धरतो. ताशी 80 किलोमीटर वेगाचा वारा सपाट, बंद पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण 30 किलो वजनाएवढा रेटा देतो. दोन खांबांमधील 8 बाय 8 फुटांचा गाळा म्हणजे जवळजवळ 6 चौरस मीटर; त्यावर 180 किलो. वेग दीडपट झाला तर जोर सव्वादोनपट होतो, म्हणजे तोच गाळा 400 किलो पेलतो. माझे खांब दीड फूट खोल होते, आणि तेही काळ्या मातीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. तिच्यात वरवर रोवलेला खांब दोन वर्षांत हलू लागतो, मग वादळाचे फक्त निमित्त होते.

दुसऱ्या वेळी मी आधी ठरवले की अडवायचे काय आणि सोडायचे काय. नजर सरळ रेषेत जाते, वारा वळसा घेऊ शकतो. उष्ण प्रदेशातील कुंपणाची सारी युक्ती या एका भेदात आहे. पट्ट्या एकाच बाजूने ठोकण्याऐवजी एक खांबाच्या आतून आणि पुढची बाहेरून लावावी, दोहोंच्या कडा इंचभर एकमेकींवर याव्यात. समोरून पाहणाऱ्याला कुंपण बंद दिसते, वारा मात्र दोन थरांमधील फटीतून वळून येतो आणि वादळातही पुष्कळसा निघून जातो. जाळीचेही तेच तत्त्व. सिमेंटच्या किंवा भाजलेल्या मातीच्या जाळीत भोकाची रुंदी आणि जाळीची जाडी सारखी, म्हणजे समजा 4-4 इंच ठेवली, तर समोर उभे राहिल्याशिवाय आरपार दिसत नाही. तिरपी नजर भोकाच्या भिंतीवर अडते.

येथे दिव्यांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येते. दिवसा सावलीत बसलेल्याला बाहेरचे उजेडातले दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. दिवे लागले की हे चित्र उलटते. जाळीमागे भरपूर उजेड करून बसलो तर रस्त्यावरच्याला सारे घर दिसते. परसातील दिवा उंच न लावता खाली, तोंड जमिनीकडे करून आणि कुंपणाच्या अगदी लगत लावावा. उजेड आपल्या पायांशी राहतो.

पट्ट्या कशाच्या घ्याव्यात, यावर घरात बरीच चर्चा झाली. लोखंडी पट्ट्या तापतात, म्हणून मीच नाही म्हटले. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना रंगरंगोटी लागत नाही, पण त्या उन्हात फार लांबतात. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत पट्टीच्या तापमानात सहज 40 अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने 3 मीटर लांबीचे लोखंड दीड मिलिमीटर वाढते, अॅल्युमिनियम 3 मिलिमीटरला थोडे कमी, तर पीव्हीसी 6 ते 8 मिलिमीटर. जागा न सोडता घट्ट बसवलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात पोट काढते. म्हणून स्क्रूची भोके गोल न ठेवता लांबट ठेवावीत. लाकडाचा स्वभाव याहून वेगळा आहे. धातू मे महिन्यात सर्वांत लांब असतो, तर लाकडी फळी त्याच महिन्यात सुकून सर्वांत अरुंद झालेली असते आणि पावसाळ्यात फुगते. उन्हाळ्यात काम करणाऱ्या सुताराने फळ्यांना फुगण्यापुरती जागा सोडलीच पाहिजे.

बांबू स्वस्त आणि देखणा, पण त्याला भुंगा व वाळवी लागते. वाळवीसाठी औषध मारण्यास आईचा स्पष्ट विरोध होता; जीव मारून उभारलेल्या आडोशात मी बसणार नाही, असे ती म्हणाली. या अडचणीतून वाट निघते. बांबू थंडीत तोडलेला घ्यावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. भुंग्याला ज्याचे आकर्षण असते ते पिष्ट त्यातून बरेचसे निघून जाते. आणि बांबू असो वा लाकूड, मातीला टेकू द्यायचे नाही. आम्ही अखेर जुन्या बाजारातून पाडलेल्या एका वाड्याचे सागवान आणले. कित्येक उन्हाळे-पावसाळे सोसलेले ते लाकूड आता वाकडे होणार नव्हते. त्याच्या फळ्या चिरून घेतल्या आणि जमिनीपासून तीन इंच वर बसवल्या. खालच्या फटीतून पावसाचे पाणी जाते, मुंगूसही जाते.

खांबांसाठी 20 फुटी चौकोनी पाइपाचे दोन-दोन तुकडे केले. दहा फुटांपैकी साडेतीन फूट जमिनीत, साडेसहा फूट वर. लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत, हे सर्वसाधारण प्रमाण. काळ्या मातीत मात्र मुरूम लागेपर्यंत खोदणेच बरे. काँक्रीटभोवतीची पोकळी काळ्या मातीने न भरता मुरमाने भरली. 40 फुटांना 8 फुटांच्या अंतराने सहा खांब झाले. पाइपाची वरची तोंडे झाकणे बसवून बंद केली; उघड्या नळीत पाणी साचून ती आतून गंजते आणि एखादी चिमणी शिरली तर बाहेर येऊ शकत नाही. खड्डे पावसापूर्वीच खोदावेत, पहिल्या सरीनंतर माती जीवांनी भरते, हाही आईचाच आग्रह. रात्री खड्ड्यांवर फळ्या टाकून ठेवल्या, म्हणजे बेडूक-सरडे त्यांत पडू नयेत.

कडक उन्हाळ्यात काँक्रीटचे काम पहाटे उरकावे. पाणी मारण्यात कुचराई नको: आज बाजारात बहुधा पीपीसी सिमेंटच मिळते आणि कोरड्या, उष्ण हवेत त्याला 14 दिवस ओले ठेवणे इष्ट असते. आम्ही खांबांच्या बुडाशी भिजवलेले गोणपाट गुंडाळले होते. दोन आठवडे फळ्या लावायच्या नाहीत, हे सांगताना सुताराशी थोडी खडाजंगी झाली. त्याला पुढचे काम होते.

उंचीविषयी नियम आहे आणि माझ्या पहिल्या भिंतीने तो मोडला होता. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार कुंपणभिंत साधारणतः दीड मीटर उंच असावी, वरचे 0.9 मीटर जाळीदार, मोकळे असल्यास 2.4 मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. आपल्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत चौकशी करूनच काम काढावे. आम्ही पाच फुटांपर्यंत फळ्या आणि त्यावर दीड फूट तारेची जाळी, असे केले. जाळीवर मधुमालती सोडली आहे.

खोदण्यापूर्वी आणखी एक काम होते, ते पहिल्या वेळी मी टाळले होते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घेतली. माझा जुना पत्रा एका टोकाला सात इंच शेजाऱ्यांच्या जागेत गेला होता. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नव्हते. मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेलो, वादळाच्या रात्रीबद्दल पुन्हा एकदा क्षमा मागितली आणि नवे कुंपण कोठून जाईल ते दोघांनी मिळून दोरी धरून ठरवले. दोरी धरताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘आजींना विचारा, पूर्वी भिंतीवरून कढीलिंब देत होते, आता कोठून द्यायचा?’’ म्हणून उत्तरेच्या टोकाला दोन फुटांचे एक फाटक ठेवले आहे.

कुंपणाच्या आत आषाढात मेंदी लावली. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, एकेक फुटावर, दोन ओळींत, एका ओळीतील काडी दुसरीतील दोन काड्यांच्या मधे येईल अशी. पहिल्या वर्षी ती सारखी छाटावी लागते, नाहीतर शेंडे वर जातात आणि बुडाशी फटी राहतात; दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते, पुढे ती कोरड्या हवेतही तग धरते. ऊन पडले तरी जिवंत पान पत्र्यासारखे तापत नाही, कारण ते पाणी बाहेर टाकून स्वतःला निववत असते. शेर आणि कण्हेर या वईच्या जुन्या, काटक जाती आहेत. पण शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा करतो आणि कण्हेर सर्वांगाने विषारी, म्हणून लहान मुले असलेल्या घरी मी त्या सुचवणार नाही.

बाजेवरचा मांडव साडेसात फूट उंच आहे आणि त्यावर जुई अजून पुरती चढलेली नाही. तोवर पश्चिमेच्या बाजूस, बाजेपासून चार फुटांवर, एक बांबूची तट्टी उभी केली आहे. मेंदी सध्या साडेतीन फुटांवर आली आहे. संध्याकाळी जेवणे झाली की आई पुन्हा बाहेर येऊन बसते. तिची तक्रार एवढीच की तट्टीमुळे तिला फाटक दिसत नाही आणि कढीलिंब घेऊन कोणी आले तर कळत नाही. येत्या रविवारी तट्टी हातभर सरकवायची आहे.